कोऱ्या डिसेंबरचे गवाणकरकाका

माझ्या नव्या गाडीला पहिला पोचा गवाणकरकाकांनी पाडला, आणि तोही हात न लावता.

शारजात अल मजाजला राहायला येऊन आम्हांला महिनाच झाला होता. गाडी घरी आणली, पार्किंगमध्ये बायकोनं, म्हणजे अस्मितानं, हळदकुंकू वाहिलं, वॉचमनच्या धाकानं नारळ अगदी हळू फोडला. तेवढ्यात लिफ्टमधून एक उंच, कमरेत किंचित वाकलेले गृहस्थ बाहेर आले. आमचं मराठी ऐकून थांबले. ओळख नाही, पाळख नाही, पँटच्या खिशातून बोटभर लांबीचा टॉर्च काढला, गाडीच्या मागच्या दाराला गाल लावल्यासारखे वाकले, टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरला आणि डॉक्टर छातीचे ठोके ऐकतो तशा चेहऱ्यानं म्हणाले, "आहे."

"काय आहे?"

"पोचा. हँडलखाली चार बोटं."

मग शर्टाच्या खिशातून एक लाल, गोल स्टिकर काढून तो त्यांनी नेमका तिथं चिकटवला, "गाडी छान आहे हो, अभिनंदन," म्हणाले आणि निघून गेले. मी वाकलो. काही दिसेना. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला, आणि दिसला. वाटाण्याएवढा पोचा. त्या दिवसापासून मला त्या गाडीत दुसरं काहीच दिसलं नाही.

हे आमच्या वरच्या मजल्यावरचे मनोहर गवाणकर, मूळचे कुडाळचे. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. उंच इमारतींना बाहेरून ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे लावतात ना, ते तपासायचं काम. समोरून पाहिलं तर सगळे पत्रे सारखे, आरशासारखे. पण टॉर्च आडवा धरला की पत्र्यावरचा केसाएवढा उंचवटासुद्धा सावली पाडतो आणि पकडला जातो. सापडला पोचा की लाल टिकली. निर्दोष असेल तर हिरवी. स्टिकरला ते टिकलीच म्हणत. शैलाकाकू वैतागून सांगायच्या, "या घरात माझ्या टिकलीचं पाकीट कधी जागेवर मिळत नाही, आणि यांच्या टिकल्या उशीला चिकटलेल्या असतात."

कामावरचा टॉर्च कामावर ठेवावा, हे काकांना मंजूर नव्हतं. सुपरमार्केटात ते हापूस आडव्या उजेडात बघत. अस्मिताच्या नव्या पैठणीवर त्यांनी टॉर्च धरून "इथं एक धागा ओढलाय" असं सांगितलं, तेव्हा ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. माणसांबद्दलही त्यांचं मत तेच होतं. "समोरून काय रे, सगळेच पास. माणूस कडेनं बघावा."

मी पडलो नाटकवाला. महाराष्ट्र मंडळाच्या एकांकिका बसवतो, आणि नाटकं नसतात तेव्हा लोकांच्या नकला करतो. गवाणकरकाका म्हणजे मला लागलेली लॉटरीच होती. हातात टॉर्च, मान वाकडी, आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य, "उजेड कुठनं येतो ते नको बघू, कुठं पडतो ते बघ." पार्टीत कुणीतरी म्हणायचंच, "यल्ला, गवाणकर होऊन जाऊ दे!" खुद्द काका पहिल्या रांगेत बसून हसत आणि नंतर बाजूला घेऊन सांगत, "टॉर्च तू फार वर धरतोस."

आता हा टॉर्चवाला माणूस डोंगरांच्या नादाला कसा लागला, ते त्यांच्याच शब्दांत: "रास अल खैमाला साइटवर गेलो होतो. डिसेंबर होता. परत येताना सकाळचं ऊन आडवं पडलेलं. सगळा डोंगर म्हणजे पोचेच पोचे! म्हटलं, हा पत्रा आपण तपासायचा." घेतला कॅमेरा. तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यातला प्रत्येक सुट्टीचा दिवस डोंगरात.

फक्त हिवाळ्यातला. एप्रिल उजाडला की कॅमेरा काकूंच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर जायचा. "उन्हाळ्यातला डोंगर म्हणजे पासपोर्टचा फोटो. सगळा सपाट." मग नोव्हेंबरात एखाद्या सकाळी बिल्डिंगमधल्या कुणीतरी एसी बंद करून खिडकी उघडायचं, आणि काकूंची साडी फळीवरून खाली यायची.

मी त्यांच्याबरोबर तीनदा गेलो. तिन्ही वेळा गाडीत झोपलो. पहाटे चारला निघायचं, दीड-दोन तास गाडी, मग अंधारात दगडधोंड्यांतून चढायचं. मी "आलोच" म्हणून सीट मागे करायचो. जाग यायची तेव्हा काका खाली उतरून थर्मासमधला चहा ओतत असायचे आणि कपाळावर आठी असायची. आठी म्हणजे लाल टिकली.

एवढा चढ चढून ते कशाच्या मागे होते, ते सांगतो. तिथं डोंगराच्या उतारावर एक जुनी, सोडून दिलेली वस्ती आहे. दगडाच्या चार-पाच खोल्या आणि त्यांच्याखाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. बांध दगडी, हातानं रचलेले. शेतांच्या पुढ्यात वादी, म्हणजे पावसापुरतं पाणी येणारं कोरडं नदीपात्र, आणि वादीपलीकडे डोंगराची उंच धार. त्या धारेत एक खाच आहे. वर्षभर सूर्य धारेवरून उगवतो तोवर ऊन चांगलं तापलेलं असतं. पण डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात तो बरोबर खाचेत येतो. जेमतेम दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत ऊन शेतांवरून इतकं आडवं सरपटतं, की प्रत्येक बांध, प्रत्येक दगड, नांगराच्या जुन्या रेघासुद्धा उठून दिसतात. मग सूर्य धारेआड जातो. खलास, पुढच्या वर्षी या.

काका अकरा वर्षं येत होते. एकदा धूळ, एकदा ढग, एकदा टायर फुटला, एकदा बॅटरी घरी चार्जरवर राहिली. एका वर्षी सगळं जुळून आलं, तर ऐन उजेडात एक बकरी मधल्या शेतात येऊन बसली. काका एरवी शुद्ध मराठी बोलत. रागाचा कडेलोट झाला की मालवणीत शिरत. त्या दिवशी मला गाडीत झोपेतून जाग आली ती वरून आलेल्या "ऊठ गे मेले!" या आरोळीनं. बकरी उठली नाही.

ती बकरी अबू सालेम नावाच्या म्हाताऱ्याची. ती शेतंही त्याच्या आजोबांची. आता तो खाली रस्त्यालगत नव्या घरात राहतो. आम्ही उतरलो की खजूर आणि कॉफी घेऊन हजर. आयुष्यभर हिंदुस्तानी दुकानदारांशी व्यवहार केल्यामुळे त्याची हिंदी माझ्याहून बरी.

"हबीबी," तो काकांना म्हणाला, "हर साल आता है. पत्थर तो वही है."

"पत्थर वही है," काका म्हणाले, "लेकिन उजाला पिछले साल का नहीं है."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहून कपाळाशी बोट फिरवलं. मीही फिरवलं. काकांनी दोघांना खजूर दिला.

बाकीच्या फोटोंचं ते कॅलेंडर करत. वर एक डोंगर, खाली तारखा, चतुर्थ्या, एकादश्या आणि इथल्या सुट्ट्या. चाळीस प्रती छापून घरोघरी स्वतः नेऊन द्यायचे. आमच्यात त्याला 'दगडांचं कॅलेंडर' म्हणत. आमची ईरा तेव्हा आठ वर्षांची, जानेवारीवरून फेब्रुवारीवर गेली आणि म्हणाली, "काका, इट्स द सेम फोटो!" मंडळाच्या अध्यक्षांनी सुचवलं, निदान सप्टेंबरात गणपती टाका. काका म्हणाले, "गणपती आडव्या उजेडात बसवू देतील का?"

आणि डिसेंबर कोरा. वर नुसती पांढरी चौकट. पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटलं प्रेसवाल्याची चूक. काकांनी सांगितलं, "ती जागा धरून ठेवलीय." अकरा वर्षं ती धरलेलीच राहिली. खरं सांगायचं तर घराघरांतल्या बायकांना तेच पान सगळ्यांत आवडायचं, कारण त्यावर इंडियाला न्यायच्या सामानाची यादी लिहिता यायची.

माणसांचे फोटो ते काढत नसत. शैलाकाकूंचासुद्धा नाही. "पासपोर्टचा फोटो दुकानात जाऊन काढलाय मी," काकू म्हणायच्या. "यांनी काढायचा म्हणजे मला आडव्या उन्हात बसवणार आणि सुरकुत्यांना टिकल्या लावणार. नको रे बाबा." काकू कधी डोंगरात गेल्याही नाहीत. तेवढ्या वेळात दोन मशीन कपडे होतात, हे त्यांचं कारण.

मग काका साठ वर्षांचे झाले. कारखान्यात केक कापला, व्हिसा रद्द व्हायची तारीख आली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट, कायमचं. तीस वर्षांचा संसार खोक्यांत भरला जात होता. त्या शेवटच्या पंधरवड्यातल्या पहिल्या रविवारी काका डोंगरात जाऊन आले. धुक्यात स्वतःचा हात दिसला नाही म्हणाले. उरला एक रविवार. सुट्टी टाका म्हटलं तर, "तीस वर्षांत टाकली नाही, आता जाता जाता डाग कशाला?"

काकू आमच्याकडे डबे परत करायला आल्या होत्या. सोफ्याच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी, घर, सगळं सोडताना यांना काही वाटत नाही रे. पण ते एक पान कोरं राहिलं ना, तर हा माणूस कुडाळला शरीरानंच यायचा. अंगणात बसून तिकडचीच खाच बघत राहील. या रविवारी तरी मिळू दे म्हणून मी बोलून ठेवलंय देवाला."

आणि इथं, वाचकहो, माझ्यातला नाटकवाला जागा झाला.

मी म्हटलं, काकू, सेंडऑफ हॉलमध्ये का करायचा? तिथंच करू! काका फोटो काढतील आणि मागे वळतील, तर समोर सगळी मंडळी, पोहे, शिरा, चहा. सरप्राइज! काकूंना कल्पना आवडली. जागा कुठली, विचारलं. काकूंनी काकांकडून ऐकलेलं सांगितलं, की हे वादीच्या पलीकडच्या टेकाडावर उभे राहतात, आणि समोरच्या उतारावर अबू सालेमची शेतं आहेत. मी मनात नेपथ्य लावलं. सूर्य उगवणार खाचेतून. फोटोवाला माणूस कॅमेरा करणार सूर्याकडे. म्हणजे शेतांकडे येणार त्याची पाठ. शेतं म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी! पहिल्या रांगेची तिकिटं! ज्या वाक्याची मी शंभर पार्ट्यांत नक्कल केली होती, ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

रविवारी पहाटे काका निघून गेल्यावर अर्ध्या तासानं तीन गाड्या निघाल्या. आम्ही तेरा जण. आपली माणसं डोंगरात जायची म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक आहे. दोन सतरंज्या, स्टीलचे डबे, चहाचा मोठा थर्मास, आणि थंडी असेल म्हणून कपाटातून काढलेले, वर्षातून एकदा घालायचे लाल, पिवळे, भगवे स्वेटर. काकूंनी खास नवी पोपटी शाल घेतली होती. अबू सालेम घराबाहेरच उभा होता. मी सांगितलं, आम्हांला वर शेतात बसायचंय.

"इधर? पक्का?" त्यानं विचारलं. "गवाणकर को मालूम?"

"नहीं नहीं, सरप्राइज!"

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "इन्शाल्ला," म्हणाला, आणि काठी घेऊन पुढे झाला.

वीस मिनिटांची पायवाट चढून आम्ही मधल्या शेतात सतरंज्या पसरल्या. फटफटलं होतं. पलीकडच्या टेकाडावर करंगळीएवढे काका दिसले, ट्रायपॉडवर वाकलेले. सगळे एकमेकांना "शूऽऽ" करत होते. आणि सूर्य खाचेत आला.

मी फार काही कवी वगैरे नाही. पण समोरून कुणीतरी दार उघडावं तसं ते ऊन आलं आणि माझ्या पायापाशी पडलेल्या खड्याचीसुद्धा हातभर सावली झाली. पोह्याचे डबे उघडायचे राहिले.

तेवढ्यात ईरानं ओरडून सांगितलं, "ही सॉ अस! काका इज वेव्हिंग!"

खरंच. पलीकडे काका दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवत होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. इतका आनंद झालेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता. म्हटलं, सरप्राइज फुटलं तर फुटलं! आम्ही सगळे उठलो आणि तेरा जणांनी दोन्ही हात हलवले. काकूंनी शाल हलवली. अबू सालेमनं काठी उंच केली. काका उड्या मारायला लागले, आम्हीही मारल्या. वारा त्यांच्याकडे वाहत होता, त्यामुळे ते काय ओरडताहेत ते कळेना. मोबाइलला रेंज नाही. मग ते एकदम थांबले. थोडा वेळ नुसते उभे राहिले, आणि वाकून कॅमेऱ्यात दिसेनासे झाले. ऊन आवरलं तेव्हाच पुन्हा ताठ झाले.

तासाभरानं वादी ओलांडून ते वर आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "काका, मिळाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे, त्यांच्या शालीकडे. मग सतरंजीकडे.

"तू ही जागा निवडलीस?"

"मीच!" मी छाती काढून म्हटलं.

"वाटलंच," काका म्हणाले. कपाळावर आठी आहे का ते मी शोधलं, नव्हती. हसूही नव्हतं. त्यांनी पोहे घेतले, परत घेतले, शिरा दोनदा घेतला, अबू सालेमला मिठी मारली, आणि दिवसभरात फोटोबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी अस्मिताला म्हटलं, बघ, कृतकृत्य झालेला माणूस असा शांत असतो.

जानेवारीत विमानतळावर पोचवायला गेलो. काचेपलीकडे ट्रॉलीवरच्या सुटकेसवर टॉर्च आडवा धरून चिरा तपासणारी त्यांची वाकलेली पाठ, हे त्यांचं मला प्रत्यक्ष झालेलं शेवटचं दर्शन. फोनवर बोलणं व्हायचं. फोटोचं विचारलं की म्हणत, "बघतोय अजून."

गेल्या डिसेंबरात कुडाळहून येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थाबरोबर पुठ्ठ्याची नळी आली. येत्या वर्षाचं दगडांचं कॅलेंडर. मी थेट शेवटचं पान उघडलं.

चौकट भरलेली होती. खाचेतून आलेलं ऊन, सगळा उतार, एकाखाली एक बांध, प्रत्येक दगड सुटा. आणि मधल्या शेतात मूठभर रंगीत तीळ सांडलेले: लाल, पिवळे, भगवे, एक पोपटी. प्रत्येक तिळाला बांधापर्यंत पोचणारी लांब सावली. चष्मा लावून पाहिलं. तीळ हात हलवत होते.

मी उभ्याचा बसलो. कॅमेरा आमच्याकडे होता. काका ते हात कशाला हलवत होते, ते मला एक वर्षानं कळलं.

फोन लावला. "काका... तुम्ही त्या दिवशी..."

"बाजूक व्हा रे मेल्यांनो!" पलीकडून आरोळी आली. "हे ओरडत होतो मी! आणि तुम्ही नाचताय! अरे नाटकवाल्या, दिव्याकडे कोण बघतो? दिवा कुणावर पडलाय ते बघायचं ना? नक्कल करतोस ती काय झोपेत?"

"अकरा वर्षं तुमची... आम्ही घालवली."

"चार मिनिटं तसंच वाटलं. तुला दिल्या त्या शिव्या वाऱ्यानं अडवल्या म्हणून आपलं बोलणं चालू आहे." मग त्यांचा आवाज खाली आला. "मग म्हटलं, उरलेली सहा तरी बघू. कॅमेऱ्याला डोळा लावला. अरे, मला इतकी वर्षं कळतच नव्हतं, ते शेत केवढं आहे! मोजायला काही नव्हतंच रे त्यात. तुम्ही उभे राहिलात, तेव्हा कळलं की तो बांध माणसाच्या छातीएवढा आहे. हातानं रचलाय कुणीतरी. आणि अबू सालेम त्याच्या आजोबाच्या शेतात काठी घेऊन उभा. काढला. नंतर वर्षभर रोज टॉर्च मारून बघितला, लाल लावायला जागा सापडते का."

"सापडली?"

"तू हात फार वर धरतोस."

फोन हिसकावल्याचा आवाज आला. "पाहिलास का?" काकू विचारत होत्या. "डावीकडून तिसरी, पोपटी, ती मी! लग्नानंतर यांनी काढलेला पहिला फोटो आहे माझा. इथं गावात सगळ्यांना दाखवून झाला. सुरकुती एक नाही दिसत!"

पानाच्या खालच्या कोपऱ्यात हिरवी टिकली होती. मी खोलीतला दिवा बंद केला, मोबाइलचा टॉर्च आडवा धरला, आणि कागदाला गाल लावल्यासारखा वाकलो. टिकलीभोवती गुळगुळीत कागदावर अंगठ्याचा ठसा खोल उमटला होता. ती निघू नये म्हणून चांगली दाबून बसवलेली.

आता पार्टीत "गवाणकर होऊन जाऊ दे" म्हटलं की मी टॉर्च काढतच नाही. सोफ्यावर चढतो, दोन्ही हात डोक्यावर नेतो आणि जीव तोडून हलवतो, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. काही सांगावं लागत नाही. समोरची सगळी माणसं आपसूक हात हलवायला लागतात.